दोन प्रती एका छपराखाली नकोत

बटण दाबलं की मनात आकडे मोजायचे, ही टेपमास्तरची जुनी सवय. सदतीस-अडतीसपर्यंत पोचलं की संगणकातून तो बारीक, घाईघाईने बोलणारा आवाज यायचा आणि त्याचा दिवस सुरू व्हायचा. त्या सकाळी नऊला वीस मिनिटं कमी असताना त्याने बटण दाबलं आणि चाळीसपर्यंत मोजलं. मग साठ. मग शंभर. पंखा फिरत होता, आत डिस्क थोडीशी कुरकुरून गप्प झाली होती, आणि आवाजाचा पत्ता नव्हता.

बटण दाबून धरून त्याने संगणक बंद केला, पुन्हा चालू केला, पुन्हा शंभरपर्यंत मोजलं. अकरा वाजता त्याची परीक्षा होती, आणि ती याच संगणकावर द्यायची होती.

टेपमास्तरला दिसत नाही, हे खरं तर आधी सांगायला हवं होतं. पण त्याच्याबद्दल सांगणारे लोक ते इतकं आधी सांगतात की पुढचं ऐकायला कुणी थांबतच नाही. अकराव्या वर्षी तापात त्याची दृष्टी गेली. राहिले ते कान, आणि कान म्हणजे काय विचारता! चार माणसं एकाच वेळी तावातावाने बोलत असली तरी कोण काय म्हणालं ते हा बोट ठेवून सांगणार. चौकशा, सुनावण्या, बैठका, जबान्या, जे काही ध्वनिमुद्रित होतं ते ऐकून जसंच्या तसं टाइप करून द्यायचं, हे त्याचं काम. सुरुवातीला कॅसेटी असायच्या म्हणून कचेऱ्यांमधल्या लोकांनी टेपमास्तर नाव पाडलं. कॅसेटी गेल्या, नाव चिकटलं ते चिकटलं.

एकोणीस वर्षं तो हे काम करत होता, आणि एकोणीस वर्षं ते सुटं काम होतं. कधी महिनाभर मान वर काढायला फुरसत नाही, तर कधी दोन-दोन महिने फोन वाजत नाही. आणि यंदा पहिल्यांदाच, सुनावण्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या कचेरीत एक कायमची जागा निघाली होती. एकच. वयाची अट पंचेचाळीस. टेपमास्तरला पुढच्या महिन्यात पंचेचाळीस पुरी होणार होती. म्हणजे आज हुकलं की कायमचं हुकलं, हे सांगायला कुणा ज्योतिषाची गरज नव्हती. परीक्षा घरूनच, आपल्याच यंत्रावर. चाळीस मिनिटांची सुनावणी ऐकायची आणि दोन तासांत टाइप करून द्यायची. अकराला हजर व्हायचं, आणि अकरा वाजून पाच मिनिटांनी दार बंद. हे सगळं ज्या पत्रात होतं ते त्याला पाठ झालं होतं.

आता कुणी म्हणेल, परीक्षेच्या आदल्या दिवशी संगणकाला हात लावायचा शहाणपणा कशाला करायचा? तर तो त्याने हौसेने केला नव्हता. त्याच्या संगणकावर लिनक्स होतं, आणि परीक्षेचा जो प्रोग्राम होता तो जुन्या लिनक्सवर चालायचा नाही, नवीच आवृत्ती हवी, असं त्याच पत्रात लिहिलेलं होतं. पत्र आलं शनिवारी. रविवारी दुपारी हा बसला. बिघडलं-सवरलं तर दुकानात न जाता स्वतः टाइप करून दुरुस्त करता येतं, याच कारणाने त्याने लिनक्स धरलं होतं; दुकानदार त्याच्याशी न बोलता त्याच्या बायकोशी बोलायचे, त्याचा त्याला मनस्वी राग यायचा. तीन तास नवी आवृत्ती उतरत होती, मधे मधे काहीबाही विचारत होती, हा उत्तरं देत होता. शेवटी संगणक बंद होऊन पुन्हा चालू झाला, आवाज आला, परीक्षेचा प्रोग्राम चालवून पाहिला, तोही सुरळीत. रात्री जेवताना स्वारी इतकी खुशीत होती की बायकोने विचारलं, परीक्षा झाली की काय तुझी?

आणि सकाळी हे असं.

काय झालं असेल याचा त्याला साधारण अंदाज होता, आणि तो मुळीच बरा नव्हता. संगणक चालू झाल्याबरोबर सगळ्यात आधी एक छोटासा प्रोग्राम जागा होतो आणि तो बाकीच्यांना हाका मारून उठवतो. त्याला बूट लोडर म्हणतात. बोलणारा आवाज उठतो सगळ्यांच्या शेवटी. म्हणजे बूट लोडरच अडखळला असेल, तर तो जे काही रडगाणं गात असेल ते मुक्याने, पडद्यावर लिहून. डोळसाने बघावं, वाचावं, दुरुस्त करावं.

आणि टेपमास्तरच्या संगणकाला पडदाच नव्हता.

होता एके काळी. आठ वर्षांपूर्वी त्याने तो एका शाळेला देऊन टाकला. मला काय करायचाय पडदा, जागा अडवतो नुसता! घरी येणारा पाहुणा संगणक बघून चक्रावला की हा त्याला ऐटीत सांगायचा, की आमचा पडदा डोक्यात असतो. लोक हसायचे, याला बरं वाटायचं. त्या सकाळी ते सगळं बरं वाटणं त्याच्या अंगावर आलं.

त्याने मागच्या सगळ्या वायरी काढून पुन्हा घट्ट बसवल्या. पेटीचं झाकण उघडून आतली मेमरीची पट्टी काढली, सदऱ्याला पुसली, परत लावली. चालू केलं, मोजलं, काही नाही. एंटर दाबलं, बाण दाबले, जे जे म्हणून दाबता येईल ते दाबलं. मुक्याशी भांडण! त्याला लिनक्स शिकवणाऱ्या मित्राला फोन लावला. तो कारखान्यात पहिल्या पाळीला होता, फोन बंद. बायकोला लावला. ती पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत कामाला होती आणि तिथे आत जाताना फोन, पर्स, सगळं लॉकरमध्ये ठेवावं लागायचं. घंटी वाजत राहिली. शेजारी? शेजारचं दार साडेआठलाच कुलूपबंद व्हायचं. मनगटावरच्या घड्याळाने सांगितलं, नऊ वाजून पाच मिनिटं.

तेवढ्यात दारापाशी काठी टेकल्याचा आवाज झाला. सासूबाई.

"काही झालंय का?" त्यांनी विचारलं.

"काही नाही," टेपमास्तर म्हणाला.

काठी थोडा वेळ तिथेच थांबली आणि मग दिवाणखान्याकडे परत गेली.

सासूबाई वर्षभरापूर्वी गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर लेकीकडे राहायला आल्या होत्या. एकतीस वर्षं इस्पितळात वॉर्डाच्या सिस्टर होत्या. बाई कडक. सासू-जावयांत भांडण म्हणाल तर कधीच नाही, पण बोलणं अगदी मोजून-मापून. चहा ठेवलाय. औषध घेतलंत का. बाहेर वारा आहे. एका घरात राहून वर्षभरात दोघांनी मिळून जेवढे शब्द वापरले असतील, तेवढे टेपमास्तर एका दिवसात टाइप करायचा. बायको वैतागून म्हणायची की तुम्हा दोघांना एकदा खोलीत कोंडून बाहेरून कडी लावते. दोघंही त्यावर हसायचे, आपापल्या जागी बसून.

तेव्हा सासूबाईंना बोलवायचं, हे टेपमास्तरच्या मनात आलं नाही असं नाही. आलं होतं, आणि त्याने ते ढकलून दिलं होतं. अजून एकदा वायरी तपासू. अजून एकदा मोजू. असं करता करता नऊ वाजून अठ्ठावीस मिनिटं झाली. मग मात्र त्याने हात टेकले.

"आई," त्याने हाक मारली, "जरा येता का?"

काठीचा आवाज इतक्या लगेच आला की जणू त्या उठूनच उभ्या होत्या.

काय झालंय ते त्याने तीन वाक्यांत सांगितलं. पडदा हवा, म्हटल्यावर त्या म्हणाल्या, टीव्ही चालेल का? टीव्ही! त्यांच्यासाठीच आणलेला, हाकेच्या अंतरावर दिवाणखान्यात असलेला, इंटरनेटच्या डब्याच्या शेजारी. तासभर तो तिथेच होता, आणि याच्या डोक्यात आला नव्हता, कारण टीव्ही ही वस्तू याच्या हिशेबातच नव्हती. त्याने पेटी उचलून बाहेर नेली, वायर चाचपून टीव्हीच्या मागे खोचली, बटण दाबलं.

"सांगा," तो म्हणाला.

सासूबाईंनी चष्मा लावला. आणि मग जे ऐकू आलं ते टेपमास्तरने त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. सपाट, स्पष्ट, न थांबणारा आवाज. डॉक्टरला फोनवरून पेशंटची स्थिती सांगायचा आवाज होता तो.

"सगळं काळं. वर डाव्या कोपऱ्यात पांढरी अक्षरं. पहिली ओळ, एरर. पुढे सिंबल, मग एक लांबलचक नाव, मग नॉट फाउंड. दुसरी ओळ, एन्टरिंग रेस्क्यू मोड. तिसरी ओळ, ग्रब रेस्क्यू, एक बाणासारखी खूण, पुढे एक आडवी रेघ उघडझाप करतेय. बस. बाकी काही नाही."

काय वाटतं, काय झालं असेल, यातलं एक अक्षर नाही. जे दिसलं ते. टेपमास्तरला त्या घाबरलेल्या अवस्थेतही बरं वाटलं, कारण तो स्वतः असंच काम करायचा.

त्याने विचार केला. ग्रब हे त्याच्या बूट लोडरचंच नाव. बूट लोडरचे दोन भाग असतात. एक चिमुकला, डिस्कच्या अगदी सुरुवातीला बसलेला, आणि दुसरा मोठा, आतल्या फोल्डरमध्ये. हा जो रडतोय तो चिमुकला. त्याला मोठ्याची ओळख पटत नाहीये. म्हणजे मोठा नवा आलाय आणि चिमुकला जुनाच राहिलाय. पण काल तर त्याने दोन्ही नवे घातले होते. मग नवा चिमुकला गेला कुठे?

त्याने दोन अक्षरांची आज्ञा टाइप केली. कोणकोणत्या डिस्क दिसतात ते दाखव, एवढाच तिचा अर्थ.

"कंसात एचडी शून्य," सासूबाई म्हणाल्या. "पुढच्या कंसात तेच, आणि त्यापुढे एक."

"आणखी?"

"आणखी काही नाही."

"नीट बघा, एचडी एक असं काही?"

"नाही. असतं तर सांगितलं असतं."

टेपमास्तरने कळफलकावरून हात काढून घेतले. त्याला कळलं होतं.

दहा वर्षांपूर्वी या घरात वरच्या मजल्यावरची पाण्याची टाकी फुटली होती. संगणक भिजला, आणि त्याच टेबलाच्या खणात ठेवलेली कामाची दुसरी प्रतही भिजली. एका अपघाताच्या चौकशीतल्या महिनाभराच्या जबान्या गेल्या. त्या कचेरीने नंतर सहा महिने त्याला काम दिलं नाही. तेव्हा बायकोने घरात कायदा केला, की यापुढे दोन प्रती एका छपराखाली राहणार नाहीत. एक बाहेरची डिस्क आणली, घरातल्यासारखीच, त्याच दुकानातून, त्याच मापाची. संध्याकाळी ती डिस्क घरी यायची, रात्री तिच्यावर दिवसभराच्या कामाची प्रत उतरायची, आणि सकाळी बायको ती उपसून, रुमालात गुंडाळून, पर्समध्ये घालून प्रयोगशाळेच्या लॉकरमध्ये नेऊन ठेवायची. दहा वर्षांत एक दिवस खाडा नाही. हे दोघं त्या कायद्याचा इतका अभिमान बाळगायचे की ऐकणाऱ्याला कंटाळा यायचा.

आणि काल होता रविवार. डिस्क दिवसभर घरीच. नवी आवृत्ती घालण्याआधी शहाण्या माणसासारखी प्रत काढून ठेवावी म्हणून याने ती सकाळीच जोडली, आणि ती जोडलेलीच राहिली. मधे संगणकाने विचारलं होतं, बूट लोडर कुठल्या डिस्कवर लिहू? दोन नावं वाचून दाखवली होती. दोन्ही एकाच कंपनीची, एकाच मापाची, शेवटच्या आकड्यांपुरती वेगळी. याने पहिली निवडली. पहिली म्हणजे आपली, आतली. इतकी वर्षं तशीच होती. पण बाहेरची डिस्क जोडलेली असताना संगणक चालू केला, तर तो कधीकधी तिलाच पहिली धरतो. काल धरलं होतं. नंतर परत चालू करून पाहिला तेव्हाही बाहेरची जोडलेलीच होती, तिच्यावरचा बूट लोडर जागा झाला, त्याने सगळ्यांना उठवलं, सगळं आलबेल. सकाळी सव्वाआठला बायकोने नेहमीप्रमाणे वायर उपसली.

त्याने हे सासूबाईंना सांगितलं.

"म्हणजे," त्या म्हणाल्या, "हे यंत्र उठवणारं जे काय आहे, ते माझी लेक पर्समध्ये घालून ऑफिसला घेऊन गेली?"

"हो."

"इथूनच काही करता येणार नाही?"

"दुरुस्तीचा पेनड्राइव्ह हाताशी असता तर आलं असतं. आत्ता हातात काही नाही. ती डिस्कच हवी."

नऊ वाजून सेहेचाळीस. प्रयोगशाळा गावाच्या दुसऱ्या टोकाला. त्याने तिथल्या चौकशीच्या खिडकीवर फोन लावला. पलीकडच्या माणसाने अतिशय गोड आवाजात सांगितलं, की तपासणीच्या खोलीत गेलेल्यांना मधे बाहेर बोलावता येत नाही, अकराच्या सुट्टीत निरोप देतो. टेपमास्तरने विनवलं. तो माणूस आणखी गोड झाला. तेवढ्यात त्याच्या हातातून फोन अलगद काढून घेतला गेला.

"मी तिची आई बोलतेय," सासूबाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, पण त्या आवाजाने एके काळी अख्खा वॉर्ड चिडीचूप होत असणार. "तिला आत्ता बोलवा. मी फोन धरून बसलेय."

गोड माणसाचा गोडवा तिथेच संपला. चार मिनिटांनी बायको फोनवर आली. तिने ऐकून घेतलं, हातातले नमुने दुसऱ्या कुणाच्या स्वाधीन करायला दहा-पंधरा मिनिटं लागतील म्हणाली, आणि मग एवढंच म्हणाली, "निघते. तू बाकी सगळं तयार ठेव."

तयार ठेवायला फारसं काही नव्हतंच. परीक्षेच्या देखरेखीसाठी लागणारा कॅमेरा टीव्हीच्या कडेला बसवला, हेडफोन जोडला, खुर्ची आणली. आणि दहा वाजता सासू-जावई रिकाम्या हातांनी समोरासमोर बसले. टीव्हीवर ती आडवी रेघ उघडझाप करत होती, असं सासूबाईंनी एकदा सांगितलंही. बाहेर गाड्या जात होत्या. प्रत्येक गाडी फाटकाशी थांबेल असं टेपमास्तरला वाटायचं आणि ती पुढे निघून जायची. दहा दहा. दहा अठरा. टॅक्सी मिळाली असेल का? पुलावर गर्दी असेल का? लॉकरची किल्ली शोधत बसली असेल का? हाताची बोटं एकमेकांत अडकवून तो ती मोडत राहिला.

"तुम्ही नऊलाच हाक मारली असतीत," सासूबाई म्हणाल्या, "तर ती आत्ता घरात असती."

हे खरं होतं, आणि खरं असल्यामुळेच ते फार लागलं.

"मी विचारलं होतं तुम्हाला."

"हो."

"काही नाही म्हणालात."

मग चौदा वर्षं जे टेपमास्तरच्या तोंडातून निघालं नव्हतं ते निघालं. कदाचित भीतीने माणसाचा बांध फुटतो, कदाचित वेळ घालवायला दुसरं काही नव्हतं.

"लग्न ठरायच्या आधी मी तुमच्याकडे आलो होतो," तो म्हणाला. "मी बाहेर बसलो होतो. तुम्ही स्वयंपाकघरात होतात. तुम्ही म्हणालात, पोरीला जन्मभर याचे डोळे होऊन राहावं लागेल."

काठी जमिनीवर किंचित सरकली.

"नळ चालू होता," सासूबाई म्हणाल्या.

"मला ऐकू आलं."

"आणि कधी बोलला नाहीत."

"बोलून काय करणार होतो? करून दाखवायचं ठरवलं. तिच्याकडून एक कागद वाचून घेतला नाही कधी. तो पडदा शाळेला दिला तो त्याच पायी. मला लाज वाटते, आई. आज तुम्हालाच बोलवायचं म्हणून तास घालवला मी. तुम्हालाच नेमकं."

सासूबाईंनी चष्मा काढून घडी केल्याचा आवाज आला.

"एकतीस वर्षं मी पेशंटचे नातेवाईक बघितले," त्या म्हणाल्या. "पहिल्या आठवड्यात सगळे येतात. महिन्याने एकच जण उरतो, आणि तो एक जण पार मोडून जातो. मला तेच दिसत होतं तेव्हा. तुमची पारख चुकले मी. पण भीती खोटी नव्हती."

"अजून वाटते?"

"तिची नाही वाटत. आज तुमची वाटली. तुम्ही आत खुडबुड करत होतात, मी इथे बसून सगळं ऐकत होते. दोनदा उठले. परत आत आले, तर परत काही नाही म्हणाल, म्हणून बसले."

मनगटावरचं घड्याळ दहा वाजून एकतीस मिनिटं झाल्याचं सांगत होतं. रडायलाही सवड नव्हती.

दहा एकोणपन्नासला फाटक करकरलं. बायको जिन्यावरून अक्षरशः धावत आली, पर्स उघडायच्या आधीच बोलायला लागली, पुलावर एक ट्रक आडवा, शेवटच्या चौकापासून पळत आले. टेपमास्तरने हात पुढे केला, तिने रुमाल त्याच्या हातावर ठेवला. घाईत वायर दोनदा चुकीच्या भोकाला लागली. तिसऱ्यांदा बसली. त्याने बटण दाबलं.

तिघंही मोजत होते. सासूबाई तर ओठांत पुटपुटत. वीस. तीस. पस्तीसला टेपमास्तरने श्वास धरला. अडतीस. चाळीस. बेचाळीसला बायकोने त्याचा खांदा गच्च पकडला. आणि सेहेचाळीसला तो बारीक, घाईघाईने बोलणारा आवाज आला, जणू काही झालंच नव्हतं. बायको हसत सुटली. त्या दिवसापुरता तरी दहा वर्षांचा कायदा मोडला; डिस्क तिथेच जोडलेली राहिली.

पाच आठवड्यांनी निकाल लागला आणि चांगलाच लागला, जागा त्याला मिळाली, ते इथेच सांगून मोकळा होतो. त्याचं कौतुक करायला बाकीचे लोक आहेत. खरी गोष्ट घडली अकरा वाजून दोन मिनिटांनी, आणि तेव्हा निकाल कुठल्या कुठे होता.

अकराला दोन मिनिटं कमी असताना तो परीक्षेच्या प्रोग्राममध्ये शिरला. हेडफोनऐवजी आवाज अजून टीव्हीतूनच येत होता, त्यामुळे सगळ्यांना ऐकू जात होतं. परीक्षेवर देखरेख करणाऱ्या एका बाईंचा आवाज आला. त्यांनी त्याचा क्रमांक विचारला, जन्मतारीख विचारली. मग म्हणाल्या, अर्जातलं एक निवेदन पुन्हा तोंडी नोंदवून घ्यायचंय. उमेदवार आपलं यंत्र कुणाच्याही मदतीशिवाय चालवतो का? हो किंवा नाही. अर्जात त्याने 'हो' लिहिलं होतं. मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं.

टेपमास्तर थांबला.

बाईंनी वाट पाहिली आणि मग जरा हलक्या आवाजात सांगितलं, की 'नाही' म्हटलंत तर तुमचा अर्ज वेगळ्या यादीत जाईल, मदतनीसाची नोंद करावी लागेल, ते माणूस परीक्षेच्या वेळी दुसऱ्या खोलीत बसेल आणि यंत्र अडलं तरच येईल. त्या यादीचं पुढे काय होतं ते मला सांगता येणार नाही.

पाठीमागून सासूबाई कुजबुजल्या, "हो म्हणा. हो म्हणा ना." एकतीस वर्षं दिसेल तेच सांगणारी बाई, पण त्या क्षणी तिला तिच्या जावयाने खोटं बोलायला हवं होतं.

'हो' म्हटलं असतं तर कुणाला कळणार होतं? कुणालाच नाही. रेकॉर्डिंग सुरू झालं असतं, त्याने ते लीलया टाइप केलं असतं. पुढचा महिना, पंचेचाळीस, एकच जागा, सगळं डोक्यात एकदम उभं राहिलं. अकरा वाजून एक मिनिट, घड्याळ म्हणालं.

"नाही," टेपमास्तर म्हणाला. "काम माझं मी करतो. यंत्र बंद पडलं तर मदत लागते. आज सकाळीच लागली."

पलीकडे बाईंच्या बोटांचा कळफलकावरचा आवाज आला.

"मदतनीसाचं उमेदवाराशी नातं?"

"सासूबाई," तो म्हणाला.

बोटं थांबली. बाईंनी पुन्हा विचारलं, आणि त्याने पुन्हा तेच सांगितलं. त्या हसल्या नाहीत. मदतनीसाची तोंडी संमती लागेल, म्हणाल्या, त्या जवळ आहेत का? त्यांना विचारायचंय, आज आणि यापुढे नोकरीतही यंत्र अडलं तर त्या हाकेला येऊ शकतील का.

खुर्ची मागे सरकली. काठी दोन पावलं पुढे आली आणि टेपमास्तरच्या खांद्याशी थांबली. डॉक्टरांच्या प्रश्नाला पापणी लवायच्या आत उत्तर देणाऱ्या सासूबाईंना बोलायला वेळ लागला.

"लिहून घ्या," त्या म्हणाल्या. "मी घरीच असते."